बदकांनी खाल्लेली जागा

आमच्या दरवानाला बदकं बघायचा नाद लागला होता आणि त्या नादापायी माझ्या भावाची नोकरी जायची वेळ आली होती. हे ऐकून कोणी हसलं की माझं डोकं फिरतं. तरी सांगते, कारण गप्प बसायचा मला आता कंटाळा आलाय.

दरवान म्हणजे माणूस नव्हे. शहराला पाणी पुरवणारं आमचं केंद्र आहे, तिथे कंट्रोल रूमच्या मागच्या गार खोलीत, लोखंडी कपाटात बसवलेला एक काळा डबा आहे. पंप, झडपा, टाक्यांची दारं, सगळं आता कॉम्प्युटरवरून चालतं, आणि त्या तारांमधून जे काही येतं-जातं ते हा डबा ऐकत असतो. कोणी परका आत शिरला तर बोंब मारायची, हे त्याचं पहिलं काम. दुसरं काम म्हणजे ऐकलेलं सगळं आपल्या डिस्कवर साठवून ठेवायचं. पुढेमागे काही बिनसलं तर कोणी, कुठून, कसला हुकूम दिला ते त्यातून काढता येतं. डिस्क भरत आली की तो सगळ्यात जुना दिवस आपणहून पुसतो आणि नव्या दिवसाला जागा करतो. मात्र निदान आठवडाभराचं तरी शिल्लक राहिलंच पाहिजे असा नियम आहे. तेवढं मावेनासं झालं की डब्यावरचा हिरवा दिवा लाल होतो. या डब्याची देखभाल माझ्याकडे असते.

पूर्वी त्यात महिनाभराचं आरामात मावायचं. मग आमच्या साहेबांना हौस आली. यांना सगळे ओकेसाहेब म्हणतात, कारण वरून काहीही विचारणा झाली की यांचं उत्तर ठरलेलं, सगळं ओके. पंप जळाला तरी ओके, छत गळलं तरी ओके. तर यांना केबिनमध्ये बसून तलाव बघायचा होता. तलावावर कॅमेरा लागला. त्याला वेगळी तार ओढायची तर खणाखणी आली, परवानग्या आल्या, म्हणून यांनी तो सरळ पंपांच्याच तारांना जोडून टाकला. त्या तारांना दुसरं काहीही जोडायला सक्त मनाई आहे. पण सांगतो कोण आणि ऐकतो कोण.

झालं, दरवान इमानदार, तो कॅमेऱ्याचं चित्रही साठवायला लागला. काय होतं त्या चित्रात? तलाव आणि बदकं. बदकं पोहतायत, बदकं कठड्यावर बसून मान खाजवतायत, बदकांची भांडणं चाललीयत. पंपाचा एक हुकूम म्हणजे चिमूटभर जागा, आणि बदकांची एक दुपार म्हणजे पोतंभर. बघता बघता महिन्याचा आठवडा झाला. दिवा हिरवाच होता, पण काठावर.

मी साहेबांना सांगितलं, कॅमेऱ्याचं साठवू नकोस एवढंच डब्याला सांगायचं आहे, चहा गार व्हायच्या आत होईल. पण आमच्याकडे दोन हातांचा नियम आहे. काय साठवायचं ते बदलायला, साठवलेलं उघडून बघायला किंवा हाताने पुसायला दोन पासवर्ड लागतात, एक माझा आणि एक त्यांचा. शिवाय बदल केला की त्याचं कारण आपोआप मुख्य कचेरीत जातं. म्हणजे कॅमेरा कुठे जोडलाय ते साहेबांना स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं. ते म्हणाले, बघू. पुढच्या वेळी विचारलं, तेव्हाही बघू. हा शब्द ऐकला की माझ्या अजूनही तळपायाची आग मस्तकाला जाते.

आता माझ्या भावाबद्दल. दादा त्याच केंद्रात ऑपरेटर आहे. माणूस इतका गरीब, की कोणी याच्या पायावर पाय दिला तर हाच माफी मागेल. आमच्या खोल्या शेजारी शेजारी आहेत, मधलं दार कधी लागत नाही आणि माझं ताट वहिनीच्याच स्वयंपाकघरात असतं. मला नवरा नाही, पोर नाही, आणि त्याची खंतही नाही, कारण दादाची मुलगी ठकी निम्मी माझीच आहे.

एके दिवशी भर दुपारी गाळाच्या टाकीचं तळाचं दार उघडलं. दादाची पाळी होती, जोडीदार रजेवर. दादा बाहेर पंपात तेल घालत होता. आवाज ऐकून तो धावला आणि हाताने चाक फिरवून दार बंद केलं, तळहातांची सालं निघाली त्याच्या. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सगळा गाळ नाल्यात, नाल्यातून खालच्या गल्लीत. घराघरात गुडघाभर चिखल, इस्त्रीवाल्याच्या दुकानातले गठ्ठेच्या गठ्ठे काळे झाले, आणि सुताराची म्हातारी आई घसरून पडली, तिचा पाय मोडला.

त्याच संध्याकाळी साहेबांनी निकाल देऊन टाकला. दरवानाने बोंब मारली नाही, म्हणजे बाहेरचं कोणी आत आलेलं नाही. आत होता एकटा ऑपरेटर. दुपारची वेळ, जेवण झालेलं, त्याला डुलकी लागली असणार आणि कोपर बटणावर पडलं असणार. ऐकायला किती सरळ वाटतं बघा. दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहराला ते कोपर ठाऊक झालं होतं. चौकशी मात्र वार्षिक तपासणी उरकल्यावर, म्हणजे चांगली दोन-तीन आठवड्यांनी ठेवली. तोपर्यंत दादाने घरी बसायचं.

दोन-तीन आठवडे म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले. चौकशीला माणसं बसतील तेव्हा ती दुपार डब्यात उरलेलीच नसेल, बदकांनी तिची जागा खाल्लेली असेल. एखादा दिवस पुसू नकोस, राखून ठेव, असं डब्याला सांगता येतं, आणि त्याला एकच हात पुरतो. मी तो दिवस राखून ठेवला. मग साहेबांकडे गेले आणि म्हटलं, चला, दोघं मिळून उघडून बघू. ते म्हणाले, चौकशीच्या वेळी बघू.

राखलेल्या दिवसाने जागा अडवली, उरलेल्या जागेत बदकं आणि आठवडा मावेना. दिवा लाल झाला.

मग साहेबांना तो डबा दिसला. इतकी वर्षं कधी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, आता रोज दारात उभे. तपासणी तोंडावर आलीय आणि तुम्ही लाल दिवा लावून बसलात, म्हणाले. मी म्हटलं, बदकं काढा, आत्ता हिरवा होतो. ते म्हणाले, बदकांचं सोडा, तो एक दिवस पुसा, मी माझा पासवर्ड घालतो, तुम्ही तुमचा घाला. मी नाही म्हटलं. त्यांनी आधी गोडीत घेतलं, मग तुमच्यासारख्या हुशार बाईने असं भावनेच्या भरात वगैरे ऐकवलं, मग आवाज चढवला. माझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा आहे. कंट्रोल रूममधली माणसं माना खाली घालून पडद्यांकडे बघत बसली होती, जणू पंप आजच पहिल्यांदा दिसत होते. दादाने या माणसांच्या किती पाळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या असतील.

खोटं कशाला बोलू, एकदा माझ्याही मनात पाल चुकचुकली. आत काय आहे ते मलाही दिसत नव्हतं. मी आपली एका माणसाच्या शब्दावर डब्यासमोर ठाण मांडून बसले होते. तो दिवस उघडला आणि हुकूम खरंच दादाच्या टेबलावरून गेलेला निघाला तर? जेवण झालेलं, पंख्याचा वारा, कोणाचाही डोळा लागेल. असं मनात आलं आणि मला स्वतःचाच इतका राग आला की मी उगाच कपाटाचं दार आपटलं.

घरी तर त्याहून वाईट चाललं होतं. ठकीच्या वर्गात खालच्या गल्लीतल्या मुली आहेत. एकीची वह्या-पुस्तकं चिखलात गेली होती. तुझे बाबा झोपले आणि आमचं घर बुडालं, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. त्या पोरीचं तरी काय चुकलं? तेव्हापासून ठकी बापाशी बोलेना. जेवताना समोर बसायची आणि मला म्हणायची, आत्या, त्यांना सांग मीठ द्यायला. तो मीठ सरकवायचा. ती घ्यायची नाही, मी तिच्यासमोर ठेवलं की मग घ्यायची. वहिनी ताटाकडे बघत राहायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी घरी आले तर दादा मधल्या दारात येऊन उभा राहिला. हातात चहाचा कप, त्यातला चहा संपलेला.

"ते पूस," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. काय पूस म्हणून विचारलं.

"तो दिवस. साहेब म्हणतात तसा तुझा पासवर्ड घाल. मी लिहून देतो, डोळा लागला म्हणून. बदली करतील कुठेतरी. जाऊ आपण."

माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, सांगण्यासारखं नाहीच. तुझ्या पाठीला कणा आहे का विचारलं. भेकड म्हटलं. मी तुझ्यासाठी सगळ्या केंद्राशी वैर घेतलंय आणि तू न केलेलं कबूल करतोस, मुलगी तुझं तोंड बघत नाही आणि तू तिला आयुष्यभर झोपाळू बापाची लेक करून ठेवतोस, असं म्हटलं. दादा सगळं ऐकत उभा राहिला. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्याने मोरीत जाऊन कप विसळला, पालथा घातला आणि आपल्या खोलीत गेला. वहिनी काहीतरी बोलायला आली होती. मी तिलाही उडवून लावलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. सोबत मुख्य कचेरीतला एक माणूस होता, तो फक्त माना डोलवत होता. बाई बुटक्या, चष्मा गळ्यात लटकवलेला. साहेबांनी आधी बगीचा दाखवला, मग रंगवलेल्या भिंती दाखवल्या. गार खोलीत आल्यावर लाल दिवा बघून बाई थांबल्या. साहेब माझ्याकडे बोट दाखवून घाईघाईने म्हणाले की हा आमच्या बाईंचा निष्काळजीपणा आहे, डिस्कवर जागा ठेवत नाहीत, त्यांना समज दिली आहे.

मी ठरवून गेले होते की शांतपणे बोलायचं. ते काही जमलं नाही.

"जागा बदकांनी खाल्लीय," मी म्हटलं. "आणि जो दिवस मी राखून ठेवलाय तो यांना पुसायचाय. दोन पासवर्ड लागतात. माझा मी आत्ता घालते. यांना सांगा, यांचा घालायला."

साहेब हसले. म्हणाले, त्या दिवसात बघण्यासारखं काही राहिलेलंच नाही, ऑपरेटरने आज सकाळीच कबुली दिली आहे, आणि फायलीतून कागद काढून बाईंच्या हातात दिला. दादाची सही होती. दुपारी डोळा लागला, कोपराचा धक्का लागला, चूक मान्य. ज्याच्यासाठी भांडत होते तोच माझ्या पायाखालची सतरंजी काढून घेऊन गेला होता. त्या क्षणी दादा समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती, मोठा भाऊ असला तरी.

बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला. मग साहेबांना म्हणाल्या, "कबुली आहे ना, मग उघडायला हरकत काय? घाला पासवर्ड."

साहेबांना पासवर्ड आठवेना. बाई म्हणाल्या, आठवा, मला घाई नाही. खुर्ची ओढून बसल्याच. माना डोलवणारा माणूसही डोलवायचा थांबला. शेवटी साहेबांना आठवला.

आम्ही ती दुपार उघडली. बदकांचा ढीग बाजूला सारला आणि तळाच्या दाराचा हुकूम शोधला. सापडायला फार वेळ लागला नाही. तो दादाच्या टेबलावरून गेलेला नव्हता. केंद्रातल्या कुठल्याच टेबलावरून गेलेला नव्हता. बाहेरून आला होता, पंप दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या लाइनवरून. अशी लाइन आमच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. साहेबांनी ती कंपनीला गुपचूप देऊन ठेवली होती, म्हणजे दर वेळी माणूस पाठवायला नको. आणि दरवानाच्या यादीत घरचं माणूस म्हणून नोंदवली होती, मी रजेवर असताना, बदलीवर आलेल्याच्या पासवर्डने. घरच्या माणसाला बघून दरवान कशाला बोंब मारेल? पण ऐकलेलं साठवायचं काम तो विसरला नव्हता.

बाईंनी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर सरळ माणूस निघाला. म्हणाला, हो, त्या दुपारी आम्ही चाचणी करत होतो, मला वाटलं सरावाच्या पडद्यावर आहे, दार खरंच उघडलं. आम्ही संध्याकाळीच तुमच्या साहेबांना कळवलं होतं. ते म्हणाले, काळजी करू नका, मी बघतो.

त्या संध्याकाळीच. म्हणजे ज्या तोंडाने यांनी कोपर कोपर म्हणून गावभर केलं, त्या तोंडाला तेव्हाच सगळं माहीत होतं. सुताराच्या आईला बघायला हे फळं घेऊन गेले होते आणि तिच्या उशाशी बसून माझ्या भावाला नावं ठेवून आले होते. मी साहेबांकडे बघितलं. इतके दिवस साठवलेल्या शिव्यांपैकी एकही आठवेना.

बाईंनी कॅमेऱ्याची तार तिथल्या तिथे काढायला लावली, कंपनीची लाइन तोडायला लावली आणि साहेबांना केबिनमध्ये नेऊन दार लावून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, तो दिवस असाच राहू दे, कोणी सांगितलं तरी पुसू नका. मग दादाचा कागद परत एकदा पुढे धरला आणि विचारलं की ह्याने हे का लिहून दिलं. तेच विचारायला मी घरी निघाले होते.

घरी पानं वाढली होती. मी चप्पल न काढताच सगळं सांगून टाकलं. लाइन, कंपनी, साहेब, सगळं. ठकी आधी माझ्याकडे बघत होती, मग बापाकडे बघायला लागली.

"मग बाबांनी सही का केली?" तिने मला विचारलं.

"त्यांनाच विचार," मी म्हटलं. "मलाही ऐकायचंय."

दादाने मान खाली घातली. वहिनी म्हणाली, आता तरी सांगा, किती दिवस पोटात ठेवणार. मग तिनेच सांगितलं.

"वन्सं, साहेबांनी परवा यांना बोलावून घेतलं होतं. म्हणाले, तुमची बहीण ऐकत नाही, तिला काढून टाकतो, आणि असं काढतो की पुन्हा असल्या कामाला कोणी दारात उभं करणार नाही. तुम्ही सही दिलीत तर तिला हात लावत नाही."

आदल्या संध्याकाळी मी त्याला जे जे म्हटलं होतं ते सगळं माझ्या डोक्यात परत वाजलं. मला रडू यायला हवं होतं. मला आला राग. एवढा राग मला साहेबांचाही आला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?" मी दादावर ओरडले. "माझ्या नोकरीचं मी बघून घेतलं असतं. मला विचारायचं होतंस आधी."

दादाने पहिल्यांदा मान वर केली.

"तू मला विचारलं होतंस, तो दिवस राखून ठेवताना? त्यात माझंच कोपर निघालं असतं तर?"

"तू झोपला नव्हतास."

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच सांगितलंस."

"तेवढं पुरलं?"

"पुरलं," मी म्हटलं.

दादाने बोटांनी डोळे दाबले आणि तसाच बसून राहिला. तळहातांवरची नवी कातडी अजून गुलाबी होती. माझ्या मनात पाल चुकचुकली होती ते मी त्याला सांगितलं नाही. मरेपर्यंत सांगणार नाही.

मी चप्पल काढून पानावर बसले. मग ठकी म्हणाली, "बाबा, मीठ द्या."

मीठ त्याच्याजवळ नव्हतंच, माझ्या ताटाशेजारी होतं. मी हात मागे घेतला. दादा अर्धवट उठला, माझ्या ताटावरून वाकून त्याने मिठाची वाटी उचलली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने घेतलं.